प्रश्नांची वही

गेल्या श्रावणात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. शाळेत असताना निबंधात बरा आणि गणितात यथातथा. पुढे बियाणांच्या कंपनीत काही वर्षं काढली (जालन्यात राहून बियाणं किंवा लोखंड यांतून कोण सुटलंय!), आणि आता नोकरी सोडून ख्रिस्ती सेवाकार्याचं प्रशिक्षण घेतोय. घराणं मूळचंच ख्रिस्ती, दोन-तीन पिढ्यांचं. प्रशिक्षण संपलं की सातपुड्याकडे आदिवासी भागात जायचं आहे म्हणाला.

चहा झाला. मग त्याने जरा चाचरतच पिशवीतून शंभर पानी वही काढली. "सर, आम्हाला अभ्यास दिलाय. दुसऱ्या धर्माच्या कुटुंबात जाऊन त्यांच्या जगण्याची माहिती घ्यायची. मी म्हटलं, सरांकडेच जावं."

म्हणजे पस्तीस वर्षं ज्यांना मी प्रश्न विचारले त्यांच्यापैकी एक आता माझी तोंडी परीक्षा घ्यायला बसला होता. मला गंमत वाटली. म्हटलं, विचार बाबा.

पहिला प्रश्न होता, "तुम्ही मूर्तीची पूजा का करता?" दुसरा, "तुमच्या मते मोक्ष म्हणजे काय?" तिसरा, "तुम्हाला पापाची भीती वाटते का?"

मी म्हटलं, वही इकडे आण. आणि सवयीने लाल पेन शोधायला लागलो.

आता आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. धर्मांतराबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. ज्याला मनापासून करावंसं वाटलं त्याने करावं, पण कोणी कोणाच्या मागे लागावं हे मला पटत नाही. हे त्यालाही ठाऊक आहे. तरी त्याची वही तपासताना मला हे मत आड आलं नाही. चुकीचा प्रश्न हा चुकीचाच, मग तो कोणत्याही कारणासाठी विचारलेला असो.

त्याला म्हटलं, तुझ्या पहिल्याच शब्दात खोट आहे. "का" विचारलंस की समोरचा वकिली करायला लागतो. मला विचार, सकाळी उठल्यापासून तुमच्या घरात काय काय होतं. देवघर कोण झाडतं, फुलं कोण आणतं, कुणाला अडचण असली तर पूजा कोण करतं, नातू आला की काय बदलतं. आणि "मोक्ष" हा शब्द तू पुस्तकातून आणलास. माझ्या तोंडून तो आलेला तू कधी ऐकलायस? मी जे शब्द वापरतो ते आधी ऐक, मग त्यांचा अर्थ मलाच विचार.

तो हसला. म्हणाला, "सर, हेच आम्हाला शिकवतात, पण वर्गात ऐकलं की कळतं आणि दारात उभं राहिलं की विसरतं." मग कळलं की या शिकवणीचं मोठं शास्त्र झालेलं आहे. अमेरिकेतल्या जेम्स स्प्रॅडली नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये लोकांची मुलाखत कशी घ्यावी यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात पहिला धडा असाच आहे, की आधी समोरच्याला त्याच्या जगातून आपल्याला फिरवून आणायला सांगा. मी ते पुस्तक न वाचता सांगितलं याचा मला थोडा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण ही अक्कल मला आपसूक आलेली नव्हती. ती कशी आली ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण त्या दिवसानंतर दोन महिने मी त्याच नादात होतो.

जालन्याच्या माणसाला या विषयासाठी लांब जायला नको. कुंडलिकेच्या अलीकडे-पलीकडे वसलेलं आपलं गाव, त्यात १८२७ पासून १९०३ पर्यंत इंग्रजांची छावणी. सदर बाजार हे नाव त्या छावणीचीच आठवण. याच जालन्यात १८६० च्या दशकात रेव्हरंड नारायण शेषाद्री आले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनचं काम करायला आलेला हा माणूस स्वतः मात्र मराठी ब्राह्मण होता.

त्यांची सुरुवातच वादळात झालेली. १८४३ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा पोरगा, तोही मिशनच्या घरी गेलेला होता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण परत आलेल्या पोराला जातीत घ्यायला कोणी तयार होईना, कारण तो मिशनच्या घरी जेवला होता. तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीसाठी कंबर कसली आणि सनातनी मंडळींचा सगळा रोष स्वतःवर ओढवून घेतला. मराठी पत्रकारितेच्या जनकाची ही बाजू आम्ही शाळेत कधी शिकवली नाही. ६ जानेवारीला पत्रकार दिन म्हणून फोटोला हार घातला की आमचं काम संपत असे.

तर असे हे नारायण शेषाद्री. पागोटं त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. १८७३ साली न्यूयॉर्कला ख्रिस्ती मंडळींची मोठी जागतिक परिषद भरली, तिथेही ते पागोट्यासकटच उभे राहिले. जालन्याजवळ त्यांनी बेथेल नावाचं गाव वसवलं. जमीन मिळाली ती निजाम सरकारकडून, दिवाण सालारजंग यांच्या काळात. म्हणजे मुसलमान राज्यात, दिवाणाच्या मेहेरबानीने, स्कॉटिश चर्चच्या पैशावर, मराठी ब्राह्मणाने वसवलेलं ख्रिस्ती गाव. आणि त्यात राहायला आलेले बरेचसे मांग समाजातले. (जुन्या कागदांत शब्द "मांग" असाच आहे. आता आपण मातंग म्हणतो आणि ते योग्यच आहे.)

मला जे अडलं ते इथे. मिशनऱ्यांच्या इतिहासात "परक्या संस्कृतीत जाणं" म्हटलं की डोळ्यांपुढे गलबत येतं, समुद्र येतो, टोपीवाला साहेब येतो. शेषाद्रींना समुद्र ओलांडायचा नव्हता. भाषा तीच, पाऊस तोच, भाकरी तीच. पण ब्राह्मण आळीपासून मांगवाड्यापर्यंत जे दोनशे-तीनशे पावलांचं अंतर, ते एडिंबरोपासून मुंबईपेक्षा जास्त होतं. साहेबाला निदान माहीत असतं की आपल्याला काही ठाऊक नाही. त्याला प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, हे काय आणि ते काय. आपल्याच गावातल्या माणसाला वाटतं की आपल्याला सगळं माहीत आहे. दोर वळतात, केरसुण्या करतात, लग्नात वाजवतात, मरीआईचा पोतराज होतात, झालं! ज्या लोकांच्या सावलीपासून आपले आजे-पणजे अंग चोरत होते, त्यांच्या घरात चूल कुठे असते हे त्यांना माहीत असणार कसं? तिथे जाऊन बसायचं, तर आधी आपलं माहीत असणं विसरायला हवं. शेषाद्रींनी ते केलं, आणि आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं केलं. १८९१ मध्ये परदेशातून परतीच्या वाटेवर असताना बोटीवरच ते वारले.

त्यांच्या धर्मांतराचं कौतुक करायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ती दोनशे पावलं त्यांच्या काळात चालणारे किती होते, एवढं मोजायला हरकत नाही. त्याच सुमारास पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई चालत होते. बाकीच्यांची नावं आठवावी लागतात.

नागपूरकडे याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप होते. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८४५ मध्ये ते तिथे आले. मूळचा ओढा दगडधोंड्यांकडे, म्हणजे भूगर्भशास्त्राकडे. दगड पाहायला जंगलात हिंडता हिंडता त्यांना गोंड भेटले. मग दगडांइतक्याच बारकाईने ते माणसांबद्दल टिपणं करायला लागले: कोणती जमात कुठे राहते, कोणत्या वस्तूला काय म्हणते, देव कोणते. गोंडांचे परंपरागत गायक म्हणजे प्रधान. त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून लिंगो या त्यांच्या आदिपुरुषाचं गाणं उतरवून घेतलं, जवळजवळ हजार ओळींचं. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून रात्री एकटे घोड्यावरून परतत असताना ते पूर आलेल्या ओढ्यात बुडाले. मागे राहिलेली टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. मध्य भारतातल्या आदिवासींबद्दलचा तो एक पायाभूत ग्रंथ ठरला.

पुस्तकावर नाव हिस्लॉपचं, संपादक म्हणून नाव टेंपलचं. ते हजार ओळींचं गाणं ज्याच्या गळ्यात होतं तो मात्र "एक प्रधान". मी सगळा जन्म मुलांना कर्ता ओळखायला शिकवला. या वाक्यात कर्ता कोण?

विल्यम केरींच्या बाबतीत निदान नाव तरी उरलं. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघालं, रोजच्या बोलण्यातले संवादही त्यात जोडलेले. ते कलकत्त्याकडे बसून हे करू शकले ते वैजनाथ पंडितांमुळे. पंडित नागपूरकडचे, त्यामुळे केरींच्या मराठीला वळण आलं तिकडचं. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला ती भाषा उपरी वाटे. एका माणसाला विचारलं की उत्तर एका माणसाचंच येतं. माझ्या विद्यार्थ्याच्या वहीत मी हे लाल शाईने लिहून दिलं: घरातल्या फक्त कर्त्या पुरुषाला विचारू नकोस, त्याला निम्मं माहीत नसतं.

आता याची काळी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे गोडगोड आरती होईल.

फादर स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओवीत आणि मराठीत. हा इंग्रज माणूस आपल्या भाषेच्या असा काही प्रेमात पडला की आम्ही तो बी.ए.ला अभिमानाने वाचला. पण ओवी त्याला कुठून कळली? त्या काळात सासष्टीतली देवळं पाडली जात होती, पोथ्या बाळगायला बंदी होती. आणि त्याच वेळी पाद्री लोक त्याच पोथ्या, रामायण-महाभारतातल्या कथा, रोमन लिपीत उतरवून अभ्यासत होते. त्या हस्तलिखितांपैकी काही आजही पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात आहेत. मूळ ज्यांच्या घरातलं होतं त्यांच्याकडे राहिलं नाही, अभ्यासायला नेलेलं तेवढं टिकलं. याबद्दल आभार मानावेत की कपाळाला हात लावावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याहून बोलका कागद आहे १७३६ चा. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, त्या वर्षी एक जाहीरनामा काढला. नवख्रिस्ती झालेल्यांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत म्हणून काय काय करायचं नाही याची यादी. लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. विडा वाटायचा नाही. वधूवरांना हळद-तेल लावायचं नाही. अंगणात तुळस ठेवायची नाही. धोतर नेसायचं नाही, चोळी घालायची नाही. हिंदू करतात तसा मिठाशिवाय भात शिजवायचा नाही.

मीठ! विचार करा, कोणीतरी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात इतकं जवळ जाऊन पाहिलं होतं, की भातात मीठ पडतं की नाही. गोव्यातल्या लग्नघराचं असं तपशीलवार वर्णन दुसरीकडे मिळणं कठीण. आजचे अभ्यासक तो जाहीरनामा लोकजीवनाचा दस्तऐवज म्हणून वाचतात. पाहणाऱ्याची नजर अव्वल होती यात शंका नाही. पाहून झाल्यावर त्याने त्यातली एकेक गोष्ट गुन्हा ठरवली.

मी हे विद्यार्थ्याला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. मग म्हणाला, "आम्हाला हीबर्ट शिकवतात, सर." मी हे नाव ऐकलेलं नव्हतं. शोधलं तर चकित झालो. पॉल हीबर्ट यांचा जन्म १९३२ चा, शमशाबादचा. म्हणजे आता जिथे हैदराबादचा विमानतळ आहे तिथला. आईवडील मेनोनाइट पंथाचे मिशनरी. तेव्हा जालनाही निजामाच्याच राज्यात होतं, म्हणजे हा माणूस एका अर्थाने आमच्या मुलखातला. मोठा होऊन स्वतः मिशनरी झाला आणि मानववंशशास्त्रज्ञही. तेलंगणातल्या कोंडुरू गावाचा अभ्यास करून १९७१ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि १९८५ मध्ये मिशनऱ्यांसाठी मानववंशशास्त्राचं पाठ्यपुस्तकच लिहिलं. २००७ मध्ये वारले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवा ख्रिस्ती झालेल्याची जुनी चाल मिशनऱ्याने परस्पर मोडीत काढली, तर ती चोरून चालू राहते. आणि डोळे मिटून सगळंच चालू दिलं, तर कशातच काही अर्थ राहत नाही. म्हणून आधी ती चाल नीट समजून घ्या, चांगली-वाईट ठरवण्याची घाई न करता. मग धर्मग्रंथ त्यावर काय म्हणतो ते पाहा. मग काय ठेवायचं, काय टाकायचं, काय बदलायचं हे त्या लोकांना ठरवू द्या. तुम्ही ठरवू नका.

हलगी घ्या. वाडवडिलांनी मरीआईपुढे वाजवली म्हणून ख्रिस्ती झाल्यावर ती खुंटीला टांगायची? आमच्याकडच्या अशा प्रत्येक वस्तीपुढे हा प्रश्न आलेला असणार. अहमदनगरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला रंग भरला. म्हणजे हीबर्ट पाठ्यपुस्तकात जे सांगतात, ते मराठी ख्रिस्ती माणसांनी टाळ हातात घेऊन आधीच केलं होतं.

आणखी एक गोष्ट सापडली ती सांगायचा मोह आवरत नाही. मॉरिस लेनार्ट नावाचे फ्रेंच मिशनरी १९०२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावर गेले आणि वीसेक वर्षं तिथे राहून त्यांनी लोकांची भाषा, मिथकं, नाती यांचा अभ्यास केला. पुढे पॅरिसला प्राध्यापक झाले. तिथल्या एका म्हाताऱ्या ओळखीच्या माणसाला ते एकदा सहज म्हणाले, की आम्ही तुम्हाला आत्मा ही कल्पना दिली, नाही का? म्हातारा म्हणाला, छे, आत्मा आम्हाला ठाऊकच होता. तुम्ही आम्हाला शरीर दिलंत! हे उत्तर समजून घ्यायला लेनार्टना पुढचं आयुष्य लागलं म्हणतात. मी चार दिवस विचार केला. मलाही नीटसं कळलेलं नाही, पण विसरताही येत नाही.

असो. आता ती अक्कल मला कशी आली, ते.

फेब्रुवारी १९८१. जनगणनेचं काम. मास्तर म्हणजे सरकारचं हक्काचं गाढव हे तेव्हाही होतंच. जालना अजून जिल्हा झालेला नव्हता (तो झाला १ मे १९८१ ला), औरंगाबाद जिल्ह्यातलाच तालुका होता. मी तिशीचा, नवा उत्साह, खिशात दोन पेनं. मला नव्या जालन्यातली एक वस्ती मिळाली होती. कुटुंबाच्या तक्त्यात कुटुंबप्रमुखाच्या धर्माचा रकाना होता आणि अनुसूचित जातीचा होता. आम्हाला सांगितलेलं होतं की माणूस जो धर्म सांगेल तो लिहायचा, वाद घालायचा नाही. आणि अनुसूचित जात फक्त हिंदू आणि शीख यांच्यातच नोंदवायची. हा १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा नियम. त्यात आधी फक्त हिंदू होते, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आजही नाहीत.

एका घरात गेलो. घरमालक माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, हमालीचं काम. खाट टाकून मला बसवलं. पाणी दिलं. ते मी प्यायलो, आणि प्यायलो याचं मनात कौतुकही केलं स्वतःचं. धर्म विचारला. म्हणाला, "हिंदू. मांग लिहा."

समोरच्या भिंतीवर येशूची तसबीर होती. खाली मेणबत्तीचा ओघळ. दारात शेजारची पाच-सात माणसं जमली होती, जनगणनेचे मास्तर आले म्हणून. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मग ही तसबीर कुणाची?"

तो काही बोलला नाही. उठला, तसबीर खुंटीवरून काढली आणि खाटेवर माझ्या शेजारी पालथी ठेवली. म्हणाला, "आता लिहा, गुरुजी."

मी लिहिलं. हिंदू, मांग. हात जरा थरथरला असेल, पण तेव्हा मला खरं काय ते कळलंच नाही. मला वाटलं मी खोटं पकडलं. आठवडाभराने हजेरीपट चाळताना एका मुलाच्या आडनावावर नजर थांबली आणि डोक्यात प्रकाश पडला. त्या घरातला मुलगा आमच्याच शाळेत नववीला होता, अनुसूचित जातीच्या फीमाफीवर. बापाने धर्म बदलला म्हणून गावाने त्याची जात विसरलेली नव्हती. पाणवठ्यावर तो मांगच होता. कागदावर मात्र ख्रिस्ती म्हटलं की मांग नव्हता. त्याने मला दिलेलं उत्तर विचारपूर्वक दिलेलं होतं. मी कशासाठी विचारतोय आणि त्या कागदाचं पुढे काय होणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. माझं काम एवढंच होतं की तो सांगेल ते लिहावं आणि उठावं. त्याऐवजी मी त्याच्याच घरात, त्याच्याच शेजाऱ्यांसमोर, त्याला त्याचा देव पालथा घालायला लावला.

त्या मुलाला मी पुढे दोन वर्षं शिकवलं. त्याने कधी काही दाखवलं नाही. मीही कधी त्यांच्या घरी गेलो नाही. जायला हवं होतं. पावलं तर दोनशेच होती.

हे मी विद्यार्थ्याला सांगितलं. आजवर घरातही कोणाला सांगितलेलं नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "सर, मी प्रश्न कितीही चांगले विचारले तरी शेवटी मला त्या लोकांना माझं काहीतरी सांगायचंच आहे. ते लपवून विचारणं बरं नाही, आणि सांगून विचारलं तर खरं कोण बोलेल?" मी म्हटलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण तू कोण आहेस, कशाला आलास हे पहिल्या दिवशी सांग, आणि मग दार उघडतं का बघ. नाही उघडलं तर तेही वहीत लिही.

भाद्रपदात तो परत आला, महालक्ष्म्यांच्या दिवशी. मीच बोलावलं होतं. या खेपेला प्रश्न लिहून आणले नव्हते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला आणि बायकोने सोळा भाज्या कशा निवडल्या, आंबील कशी केली, फुलोऱ्याला काय लागतं हे बघत राहिला. मध्येच "काकू, याला काय म्हणता?" एवढंच. आमच्या दोन मुखवट्यांपैकी धाकटीचा मुखवटा जुना, जरा वेगळ्या घडणीचा आहे. चव्वेचाळीस वर्षं मी तो बघतोय. त्याने विचारलं, "काकू, ही इथे कशी आली?"

आणि बायको बोलायला लागली. पुरण वाटता वाटता, त्याच्याकडे न बघता. माझी आई, वाटणी, थोरली जाऊ, एक रात्र. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलो होतो. पेपर तसाच राहिला. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं.

तो लिहीत होता. तिने मान वर करून पाहिलं. म्हणाली, "भाज्यांचं लिही, आंबिलीचं लिही. हे नको लिहूस बाळा."

त्याने लिहिलेलं पान फाडलं, तिच्या हातात दिलं आणि वही मिटली. तिने कागदाची घडी करून डब्याखाली ठेवली. मीही ते इथे लिहीत नाही.